लिहायचं ई-डी, म्हणायचं ट

इंग्रजीत ‘वॉक’च्या भूतकाळात ई-डी लिहितात आणि ‘वॉक्ट’ म्हणतात. ही विसंगती कुणी ठरवून आणलेली नाही. चौदाव्या शतकापर्यंत हा प्रत्यय बहुतेक ठिकाणी वेगळं अक्षर म्हणून ऐकू यायचा, साधारण ‘वॉकेड’सारखा. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत मधला स्वर गळाला. मग ड थेट क, प, स यांना जाऊन भिडला आणि त्यांच्या संगतीत अघोष (कंठातल्या कंपाविना उच्चारला जाणारा) होऊन ट झाला. आपल्याकडे वाक् आणि देवी मिळून वाग्देवी होते, पुढचा वर्ण मागच्याला बदलतो. इथे उलटं, मागचा पुढच्याला ओढतो. धातूच्या शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तिथे स्वर टिकला, नाहीतर प्रत्यय ऐकूच आला नसता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस नाटककारांना दोन्ही उच्चार उपलब्ध होते. वृत्ताला एक मात्रा कमी पडली की स्वर परत आणायचा. 1711-12 मध्ये लंडनच्या दोन नामवंत गद्यलेखकांनी या गळतीविरुद्ध लिहिलं. व्यंजनांचे गठ्ठे होऊन भाषा कर्कश झाली, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. जुना उच्चार ‘ब्लेसेड’, ‘लर्नेड’ अशा विशेषणांत तेवढा उरला.

लेखनाचं गाडं मात्र अडलं ते अडलंच. खरा झगडा झाला 1906 साली, अमेरिकेत. एका पोलादसम्राटाच्या पैशावर चाललेल्या सुधारक मंडळाने 300 शब्दांची यादी काढली. तिच्यात ‘ड्रॉप’, ‘किस’, ‘मिक्स’ यांच्या भूतकाळी रूपांना ई-डीऐवजी सरळ टी लावलेला होता. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी छापखान्याला ही यादी पाळायचा हुकूम सोडला. लंडनच्या वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. वास्तविक ही रूपं इंग्लंडच्याच जुन्या कवींनी वापरलेली. ‘लर्न’, ‘बर्न’ यांना तर ब्रिटिश आजही टी लावतात! पण वाद उच्चाराचा राहिलाच नाही. भाषेबद्दल हुकूम काढणारे राष्ट्राध्यक्ष कोण, असा सवाल झाला आणि डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने रूढ स्पेलिंगच छापायचं ठरवलं. हुकूम मागे गेला. एका छापखान्यापुरता निघालेला फतवा नडला. यादीतली ही रूपं तरी कानाला धरूनच होती.

तेव्हापासून प्रत्ययाचं लेखन एक आणि उच्चार तीन (ट, ड आणि इड), हा हिशेब शिकवण्यावर आला. मराठी माणूस इंग्रजी बऱ्याचदा आधी डोळ्यांनी शिकतो, म्हणून आपल्या तोंडी ‘बेक्ड’, ‘पॅक्ड’मधला ड ठळक राहतो. काही ठिकाणी आपण प्रत्ययालाच रजा दिली आहे. हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘मिक्स व्हेज’ असतं, ‘मिक्स्ड’ क्वचित. यात हसण्यासारखं काही नाही. खुद्द इंग्रजांचं ‘आइस्क्रीम’ही मुळात ‘आइस्ड क्रीम’ होतं.