पाड्यापासून सडकेपर्यंत: सातपुड्यातल्या आजारी बाळांची जुनी अडचण

सुरतहून खान्देशात येणारी तापी खोऱ्याची रेल्वे 1900 च्या सुमाराला पुरी झाली. कापसाच्या पेठा, जिनिंग, शाळा आणि त्यांच्या मागोमाग दवाखाने, सगळं या रुळांच्या आजूबाजूला वाढलं. तापीच्या उत्तरेला सातपुड्यात काठी, नाल, सिंगपूर ही मेवासी, म्हणजे भिल्ल सरदारांची छोटी संस्थानं आणि अक्राणी परगणा होता. त्या डोंगरातून सरकारला लाकूड हवं होतं. तिथल्या लेकरांपर्यंत डॉक्टर न्यावा, असं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पहाडपट्टी धुळ्याला जोडली गेली. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत अक्राणीतल्या धडगावच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण धुळेच होतं. आधी घाट उतरायचा, मग शहादा, मग तापी ओलांडून पुढचा रस्ता. ताप डोक्यात गेलेलं पोर घेऊन एवढा प्रवास करायला निघणारेच थोडे होते. बाकीचे बडव्याकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे जात. त्यावरून आजही लोकांना अडाणी ठरवलं जातं, ते मला पटत नाही. जवळ जो होता, त्याच्याकडे ते जात होते.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं विणलं गेलं. सपाटीवर 30,000 लोकांमागे एक केंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी भागात 20,000 मागे एक, असा निकष ठरला. सवलत दिली ती डोक्यांच्या हिशेबानं. अक्राणी किंवा अक्कलकुव्यात एकाच महसुली गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात, मधे नाले आणि चढ. केंद्र कागदावर जवळ असतं, पण पायी तास न् तास लागतात.

नव्वदीच्या दशकात मेळघाट आणि जव्हारच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. 1995 मध्ये नवसंजीवनी योजना आली, पावसाळ्याआधी औषधं आणि धान्य पोचवायचं ठरलं, डॉक्टरांची भरारी पथकं फिरू लागली. नेमक्या त्याच काळात नर्मदाकाठी उलटं घडत होतं. 1993 पासून मणिबेलीत सरदार सरोवराचं पाणी शिरू लागलं. महाराष्ट्रातली 33 गावं या बुडिताच्या यादीत आहेत. पाण्यानं शेतं घेतली, तशा पायवाटाही घेतल्या. समोरच्या टेकडीवरचा पाडा एकदम पाण्यापलीकडे गेला. नदीवर तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका आल्या त्या यातून. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं, तेव्हा ही गरज आणखी वाढली.

पुढे योजना भराभर आल्या. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि आशा ताई. 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, म्हणजे बाळंतीण आणि आजारी नवजात बाळाला मोफत उपचार आणि मोफत गाडी. 2014 च्या सुरुवातीला 108 सेवा, राज्यभर 937 रुग्णवाहिका. या सेवांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण फोन लागावा लागतो, आणि गाडीला सडक लागते. सीमेवरच्या पाड्यांत रेंज मिळाली तर कधी कधी ती गुजरातच्या टॉवरची असते. मोलगी किंवा धडगावच्या पलीकडे बऱ्याच ठिकाणी गाडी सडकेवर थांबते आणि पेशंट तिच्यापर्यंत आणावा लागतो.

तो आणायचा म्हणजे झोळी. जाडसर बांबू, त्याला दोन टोकांनी गाठ मारलेली गोधडी किंवा लुगडं, पुढे एक आणि मागे एक खांदा. उतारावर मागच्याला वाकावं लागतं, नाही तर आतलं माणूस पुढे घसरतं. लोक याला आता बांबूलन्स म्हणतात. मोठं माणूस यात कसंबसं तग धरतं. दीड किलोच्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या अंगावर चरबी नसते, वाऱ्यात किंवा बोटीत ते भराभर गार पडतं, अंगातली साखर उतरते आणि ते दूध ओढायचं सोडून देतं. मग ते रडतही नाही, आणि घरच्यांना वाटतं, झोपलंय. म्हणून निघतानाच बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधणं हाच तिथला पहिला तातडीचा उपचार. तो आशा ताईला येतो, त्याला पैसा लागत नाही. तरी आपल्याकडे आढावा होतो तो गाड्यांचा.

तीव्र कुपोषित बाळाचा धोका याहून फसवा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत असलेल्या मुलाला न्यूमोनिया झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही. अंग तापलेलं नाही म्हणून घरचे थांबतात. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, आईला बुडीत मजुरीही मिळते. पण घरी आणखी दोन लेकरं आणि कोंबड्या-बकऱ्या टाकून ती चौदा दिवस खाटेशेजारी कशी बसणार? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तर अचानक रक्त लागतं, आणि ते पाड्याजवळ मिळत नाही.

अलीकडे सोयी जवळ आल्या. जळगावला 2018 मध्ये आणि नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नंदुरबारहून धुळे, नाशिक किंवा सुरतला रेफर करण्याची वेळ मात्र अजून येतेच.

आणि दिवाळीनंतर निम्मे पाडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, लेकरं सोबत. दंडाचा घेर नोंदलेली वही अंगणवाडीत इथेच राहते. तिकडे फडावर पोर आजारी पडलं, तर ते आधीपासून तीव्र कुपोषित आहे हे तिथल्या डॉक्टरला सांगणारं कुणी नसतं. होळीला माणसं परत येतात, तेव्हा ताई पुन्हा टेप घेऊन दारोदार फिरते.