थुनेर : हरितलवकाच्या जीनोमचे क्रमनिर्धारण

थुनेर, शास्त्रीय नाव टॅक्सस कॉन्टोर्टा, हा पश्चिम हिमालयात साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवर सावलीत संथपणे वाढणारा सूचीपर्णी वृक्ष आहे. सोलापूरच्या माळरानावर तो उगवत नाही. पण खोकल्यावरच्या तालीसादी चूर्णासाठी इथल्या काष्ठौषधींच्या दुकानात तालीसपत्र मागितले, की हिमालयातल्याच झाडाची पाने पुडीत येतात. तालीसपत्र म्हणजे मुळात ॲबीज या फर वृक्षाचे पान. काही बाजारांत मात्र त्या नावाने थुनेरची पाने विकली जातात. ही अदलाबदल किरकोळ नाही, कारण थुनेरमध्ये हृदयाला घातक असे टॅक्सीन असते. चुरा झालेले पान डोळ्यांनी ओळखणे कठीण. तिथे डीएनएची मदत होते.

थुनेरच्या जवळच्या एका चिनी जातीचा केंद्रकातला जीनोम, म्हणजे तिथला सगळा डीएनए, सुमारे १,००० कोटी अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) आहे. टॅक्ससच्या हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागाचा, जीनोम जेमतेम १ लाख २८ हजारांच्या आसपास, आणि पानाच्या एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती. त्यामुळे झाडाला इजा न करता चार पानांवर काम भागते. दुर्मीळ झाडाच्या बाबतीत ही फार मोठी सोय आहे.

पाने सिलिका जेलमध्ये सुकवून द्रव नायट्रोजनमध्ये कुटतात. फिनॉलवर्गीय द्रव्ये डीएनएला चिकटून तो खराब करतात, म्हणून डीएनए वेगळा काढणाऱ्या सीटॅब या रसायनाच्या द्रावणात ती द्रव्ये धरून ठेवणारे पीव्हीपी मिसळतात. क्रम वाचणारे यंत्र साधारण दीडशे अक्षरांचे असंख्य तुकडे वाचते. टोकाशी जुळणारे तुकडे संगणक सांधत जातो.

बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या हरितलवकात एक मोठा भाग उलट दिशेने दोनदा येतो. सूचीपर्णींनी त्यातली एक प्रत जवळजवळ गमावली आहे. जपानी काळ्या पाइनचा १,१९,७०७ अक्षरांचा क्रम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एनडीएच गटातली (प्रकाशसंश्लेषणाला साथ देणाऱ्या एका प्रथिनसंचाची) कार्यक्षम जनुकेही त्यात नसल्याचे दिसले. टॅक्ससमध्ये ती आहेत. टॅक्ससमध्ये हरितलवक परागकणांतून, म्हणजे पित्याकडून येते. त्यामुळे त्यावरून पराग कुठवर पोचला हे कळते. बी कुठून आले हे कळायला दुसरा डीएनए पाहावा लागतो.

कर्करोगावरील टॅक्सॉल वर्गाच्या औषधांसाठी साल आणि पाने ओरबाडली गेल्याने थुनेर विरळ होत गेला. २०११ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून केली.

काढ्यात उकळलेल्या पानाचा डीएनए तुटलेला असतो. अशा वेळी हरितलवकातल्या आरबीसीएल, मॅटके यांसारख्या जनुकांचे छोटे तुकडेच तपासतात. त्यांची तुलना तज्ज्ञाने ओळखलेल्या आणि ज्याची फांदी वनस्पतिसंग्रहात जपून ठेवली आहे अशा झाडाच्या क्रमाशी करावी लागते.