जळतो वूफर, बिघाड भलतीकडेच

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा बेस ऐकू येतो. बेळगावातल्या गणपतीबद्दल आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीबद्दल तर बोलायलाच नको. तीच हौस आता कारच्या डिकीत पोचली आहे आणि तिच्यामागोमाग गॅरेजातलं ते ठरलेलं वाक्यही: "अण्णा, वूफर उडाला. नवीन घाला." वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर. नवीन बसतो, थोडे दिवस दणकतो आणि पुन्हा मुका होतो. मग कुणी कंपनीला शिव्या घालतं, कुणी म्हणतं गाडीला नजर लागली. बंपरला लिंबू-मिरची बांधून तांब्याच्या तारेचा रोध बदलत नाही, एवढंच बोलतो आणि पुढे जातो. पुन्हा पुन्हा वूफर जळत असेल, तर त्याला जाळणारं कारण बहुतेक वेळा वूफरच्या बाहेर असतं.

आधी तो खरंच गेलाय का ते बघा. वूफरच्या तारा अ‍ॅम्पपासून (वूफरला ताकद पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरपासून) सोडवा, मल्टिमीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा. मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना टेकवा. 0.2-0.3 असं काही दाखवेल. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध, तो वजा करायचा. मग कॉइल, म्हणजे स्पीकरच्या पडद्यामागचं तांब्याच्या तारेचं वेटोळं, मोजा. '4 ओहम' लिहिलेल्या कॉइलला साधारण 3.2 ते 3.8 यायला हवेत. 4 हा आकडा एसी सिग्नलसाठीचा, ढोबळ. मीटर मोजतो तो डीसी रोध, त्यामुळे तो थोडा कमीच येतो. मीटर हललाच नाही तर तार तुटली. आकडा शून्याजवळ आला तर आतले वेढे एकमेकांना भिडले. दुहेरी कॉइलचा वूफर असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आकडा बरोबर आला तरी एक काम बाकी राहतं. दोन्ही हातांची बोटं पडद्यावर सारखी पसरून तो हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. म्हणजे ती कधीतरी भरपूर तापून वेडीवाकडी झालेली आहे.

आता ही कॉइल तापते कशी, ते नीट बघू. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

साध्या स्पीकरला दिलेल्या विजेतली जेमतेम 1 टक्का आवाजात जाते. बाकी सगळी उष्णता. 300 वॅट दिले तर आवाज 3 वॅटचा आणि 297 वॅटची धग, तीही काही सेंटिमीटर व्यासाच्या एका वेटोळ्यात. 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतो. इथे तसे डझनभर एकाच जागी लागलेत म्हणा. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून कॉइल तग धरते.

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के. कॉइल 200 अंशांनी तापली तर 3.5 ओहमचे सव्वासहा होतात. व्होल्टेज तेवढंच, रोध पावणेदोनपट, म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी. बेस बसल्यासारखा वाटतो. ऐकणारा काय करतो? गेन, म्हणजे अॅम्पवरचा जोर वाढवायचा स्क्रू, वाढवतो. कॉइल आणखी तापते.

वाढवलेला गेन एका हद्दीनंतर अ‍ॅम्पला झेपत नाही. लहरीची टोकं कापली जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. इथे एक गैरसमज पक्का बसलाय: क्लिपिंग झालं की डीसी निघतो आणि तो कॉइल जाळतो. लहर वरून आणि खालून सारखीच कापली गेली तर सरासरी शून्यच राहते. डीसी येणार कुठून? वाढते ती सरासरी शक्ती. 4 ओहमवर 300 वॅट देणाऱ्या अ‍ॅम्पचं शिखर-व्होल्टेज सुमारे 49. लहर पूर्ण चौकोनी झाली तर सगळा वेळ तेच 49 व्होल्ट, म्हणजे 49 चा वर्ग भागिले 4, सुमारे 600 वॅट. अ‍ॅम्पवर लिहिलेल्याच्या दुप्पट. त्यात पेटीला हवेचं नळकांडं असेल तर ती पेटी ज्या वारंवारितेला जुळवलेली असते तिथे पडदा सगळ्यात कमी हलतो. पडदा हलला की कॉइलला वारा लागतो. तो इथे आटतो आणि नेमका तिथेच स्पीकरचा एकूण विरोध खाली येऊन प्रवाह वाढतो. शेवटी तारेवरचं इनॅमल जळतं आणि विहिरीवरची मोटर जळाल्यावर येतो तोच वास डिकीत येतो.

पण मुळात बेस बसतो कशामुळे? आमच्याकडे संशय घ्यायचा तो अर्थवर, म्हणजे अॅम्पची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात त्या सांध्यावर. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस, डिकीतली ओल, आणि रंगावरच बोल्ट मारून बसवलेलं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं. त्या सांध्यात 0.05 ओहम रोध निर्माण झाला आणि अ‍ॅम्प 30 अँपियर ओढू लागला, तर ओहमच्या नियमानं दीड व्होल्ट तिथेच खलास. हा 0.05 मीटरच्या 'बीप'ला दिसत नाही, बीप झकास वाजतो. म्हणून इंजिन चालू, गाणं जोरात, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थच्या स्क्रूला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल घट्ट आवळा. प्लसच्या वायरलाही हीच परीक्षा लावा. साध्या अ‍ॅम्पला 14 ऐवजी साडेअकरा व्होल्ट मिळाले तर त्याची ताकद सुमारे एक तृतीयांशानं घटते आणि क्लिपिंग तेवढंच लवकर सुरू होतं.

अ‍ॅम्पवरच्या '5000 वॅट'च्या स्टिकरकडे बघूच नका. त्याचा फ्यूज बघा. 30 अँपियर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे आत जाणारे 420 वॅट. बाहेर सतत त्याहून जास्त देणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

बाकीचे बिघाड किरकोळ. दोन वूफरपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे लागले तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बेस गायब होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही पडदे एकाच दिशेला उडतात का पाहा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर पुन्हा अर्थच तपासा.

नवीन वूफर जोडण्याआधी गेन मात्र मोजून लावा. वूफर सोडवलेला, बेस बूस्ट शून्यावर, स्टीरिओचा आवाज पाऊणपट. 50 हर्ट्झचा सूर लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला टेकवा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 300 आणि 4 साठी साडेचौतीस व्होल्ट. तिथे गेन थांबवा आणि त्या स्क्रूवर चिकटपट्टी लावून टाका.