टाकीत वाढलेले प्रवाळ आणि समुद्रातून तोडलेले प्रवाळ

बेळगाव-खानापूरकडची मंडळी घाट उतरून मालवणला जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात डोके बुडवून खडकांना चिकटलेली प्रवाळे पाहतात, आणि असे काही घरच्या काचेच्या टाकीत वाढवावे ही इच्छा काहींच्या मनात तिथेच रुजते. अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळे या प्रवाळांचे दूरचे नातलग होय. मालवणला दिसतात त्या प्रवाळवसाहती हजारो लहान प्राण्यांच्या बनलेल्या असून, त्यांच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते.

टाकीतले प्रवाळ जगेल की नाही, हे बरेचसे या भागीदारीवर अवलंबून असते. समुद्रातून तोडलेली वसाहत ठरावीक खोलीवरच्या प्रकाशाला आणि सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला सरावलेली असते. पिशवीतल्या पाण्यातून लांबचा प्रवास करून ती दिव्याखाली आली की शैवालाला नव्या प्रकाशाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात ताण असह्य झाला तर शैवाल बाहेर पडून प्रवाळ फिके पडते. शिवाय तिच्या फटींतून प्रवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायींची अंडीही घरात येतात. टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा मात्र, जास्वंदीची फांदी कापून लावावी तसा, याच दिव्यांखाली आणि याच मिठाच्या पाण्यात वाढलेला असतो. म्हणूनच नवशिक्याने तोच घ्यावा, असे मला ठामपणे वाटते.

तरीही बेळगावात त्याची काळजी घ्यावीच लागते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे थंडीच्या रात्री हीटरवाचून पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअसवर राहत नाही. नळाचे पाणी आरओ यंत्रातून काढून त्यात सागरी मीठ कालवावे लागते, आणि क्षारता दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम राखावी लागते. पावसाळ्यात वीज गेली की प्रवाह थांबतो व विरघळलेला प्राणवायू घटत जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. ती आपल्या समुद्रातून तोडणे वा विकणे गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर सापडलेला मृत तुकडाही पिशवीत घालून आणू नये. त्यामुळे घरच्या टाकीसाठी मशरूम किंवा लेदर यांसारख्या मऊ प्रवाळांचाच विचार करावा.

‘टाकीत वाढलेले’ हे विक्रेत्याचे शब्द मात्र पुरावा नव्हेत, कारण काल समुद्रातून आलेली वसाहत आज कापूनही तसेच म्हणता येते. तुकड्याचा तळ पाहावा: तो नुसत्या गोंदाने वा रबराने धरलेला असेल आणि कापाची कड उघडी असेल, तर काप ताजा आहे. कड भरून आली असेल आणि प्राण्याने आपल्या तळाने दगडाला घट्ट धरले असेल, तर तो काही काळ तरी टाकीत नांदलेला आहे. मूळ वसाहत कुठे आहे आणि ती किती वर्षांपासून टाकीत आहे, हेही विचारावे. ज्याने ती स्वतः वाढवली आहे, तो ती दाखवायला सहसा तयार असतो.