लॅबवाल्याने फोटो काळा केलेला नाही

मंगळागौरीचे फोटो मॉनिटरवर लखलखत होते. प्रिंट हातात आली तेव्हा नऊवारीचा जांभळा पदर जवळजवळ काळा आणि चेहरे झाकोळलेले. लॅबवाल्याने वाट लावली, असा घरात एकमुखी निकाल लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच प्रिंट मी खिडकीत नेली. पदराची जर, नथीतला लाल खडा, मागच्या पत्रीतलं पान न् पान, सगळं जिथल्या तिथे होतं!

मॉनिटर स्वतः उजेड देतो. कागद मिळालेला उजेड परत करतो. त्यामुळे 'प्रिंट किती उजळ?' याला 'कुठल्या उजेडात?' हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

ते उत्तर आकड्यात काढता येतं, आणि हे गणित मला फार आवडतं. कागदावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. कागदाचा दिसणारा उजळपणा कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये; जाहिरातीतले 'निट्स' ते हेच. पांढरा कागद पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत करतो, पण सगळ्या दिशांना विखरून. म्हणून तर मॅट, म्हणजे न चकाकणारा, कागद कुठूनही पाहिला तरी सारखाच पांढरा दिसतो. आता अर्धगोलाचा घनकोन, म्हणजे कागदासमोरच्या सगळ्या दिशांचा मिळून पसारा, २π, मग २π ने भागायचं का? नाही, π ने. तिरकं पाहिलं की कागदाचा तोच तुकडा आखूड दिसतो, म्हणून त्या दिशेला जाणारा उजेडही कोसाइनच्या प्रमाणात कमी असतो. सगळ्या दिशांची बेरीज केली की २π चा π होतो. योहान हाइनरिश लाम्बर्टने १७६० साली मांडलेला हा नियम.

आता मांडा: ५०० लक्स गुणिले ०.९ भागिले ३.१४, म्हणजे १४३ निट्स. मुद्रणाच्या आयएसओ ३६६४ मानकात प्रिंट पाहण्यासाठी ५०० आणि २००० लक्स अशा दोन पातळ्या आहेत. २००० ला कागद ५७३ वर जातो. रात्री हॉलमध्ये १०० लक्स असले तर जेमतेम २९. खोक्यातून काढलेला मॉनिटर मात्र बरेचदा २५०-३०० वर असतो, हॉलमधल्या कागदाच्या दहापट! डोळा त्याला सरावतो, फोटो भगभगीत वाटतो, आपण त्याचा उजळपणा उतरवतो आणि तीच उतरवलेली फाइल छापायला पाठवतो. म्हणूनच 'जास्त निट्स म्हणजे चांगला फोटो' या जाहिरातबाजीचा प्रिंट काढणाऱ्याला उपयोग शून्य.

मोजायला कॅमेरा पुरतो. आयएसओ (इथे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४. जिथे प्रिंट लावायची तिथे कोरा पांढरा कागद धरा, त्याने फ्रेम भरा आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कुठला शटर स्पीड सुचवतो ते पाहा. १/६० सेकंद आला तर कागद साधारण १२० निट्स, १/३० आला तर ६०. मग मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडून तोच स्पीड येईपर्यंत ब्राइटनेस खाली आणा.

काळ्याची जुळणी मात्र होत नाही. मॅट कागदावरची काळी शाईसुद्धा दोनेक टक्के उजेड परत करतेच, मॉनिटरचा काळा त्याहून कितीतरी गडद. सावलीतले बारकावे म्हणून थोडे उजळून ठेवावे लागतात.

आमच्या भिंतीवर मीटरने १/३० दाखवला. मॉनिटर ६० वर आणून मी पदर पुन्हा उजळवला आणि दुसरी प्रिंट त्याच लॅबमधून काढून आणली. ट्यूबलाइटखाली आता जांभळा जांभळाच दिसतो.