रिपोर्टात जस्त कमी, तांबं जास्त: घाबरायचं का?

गरोदरपणातला मधुमेह ओळखायला आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली की निदान पक्कं. मग कधी जस्त, तांबं, मॅग्नेशियमही तपासलं जातं आणि ठळक छापलेले आकडे बघून घर हादरतं.

बऱ्याचदा उगाचच. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. जस्त रक्तातल्या ज्या प्रथिनाला, अल्ब्युमिनला, धरून फिरतं ते पातळ होतं, म्हणून मधुमेह असो-नसो, जस्ताचा आकडा उतरतोच. तांब्याचं उलट. इस्ट्रोजेन वाढलं की यकृत सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन जास्त बनवतं आणि रक्तातलं बहुतेक तांबं त्यातच असतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते जवळपास दुप्पट होतं. रिपोर्टाच्या कडेला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा मात्र बहुधा गरोदर नसलेल्यांची असते.

मधुमेहाशी नातं आहे, नाही असं नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवलं जातं ते सहा-सहा रेणूंच्या जुडग्यांत, जस्ताच्या दोन अणूंभोवती. पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं त्या रिसेप्टरचं काम मॅग्नेशियमवाचून अडतं, आणि लघवीतून साखर जायला लागली की तीच मॅग्नेशियमही ओढून नेते. पण शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात असतं. उरलेलं हाडांत नि पेशींत, त्याचा पत्ता या तपासणीला लागत नाही.

चूक नमुना घेतानाही होते. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, मॅग्नेशियमला जखडतं, आकडा खोटा कमी येतो. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरतं, त्यासाठी गडद निळ्या टोपणाची नळी लागते. सुई टोचताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं जस्त आणि मॅग्नेशियम मिसळून दोन्ही आकडे फुगतात. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) गुलाबी दिसलं तर नमुना पुन्हा द्यावा, हे बरं.

खरा घोळ लोहाचा. लोह कमी असलं की एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, साखरेच्या मानाने जास्त दाखवतं, आणि गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात म्हणून तेच कमीही दाखवतं. म्हणून रोजचा भरवसा ग्लुकोमीटरवर: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज, किमान १८० दिवस. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. चहाही तितकाच लांब ठेवावा. क्रोमियमच्या गोळ्या 'साखरेसाठी' म्हणून खपतात. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीला २०१४ मध्ये क्रोमियम आवश्यक पोषक असल्याचाच पुरावा सापडला नव्हता. त्यापेक्षा मोड आलेली मटकी बरी: भिजवून मोड आणताना जस्त अडवणारं फायटेट कमी होतं.