७ नोव्हेंबर

ग्रेगरी दिनदर्शिकेतील ३११ वा, लीप वर्षी ३१२ वा दिवस. यानंतर वर्षाचे ५४ दिवस उरतात. भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत या दिवशी कार्तिक १६ असतो, लीप वर्षीही, कारण तिथला वाढीव दिवस चैत्रातच धरला जातो. तिथी अर्थातच दरवर्षी वेगळी. तरी १९९९ आणि २०१८ अशी दोन्ही वर्षे लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरलाच आले. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात, त्याचा हा परिणाम.

जगभर ही तारीख ओळखली जाते ती १९१७ च्या रशियन क्रांतीमुळे. पेट्रोग्राडमध्ये मात्र त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता. रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती १३ दिवस मागे होती. म्हणूनच 'ऑक्टोबर क्रांती'चा वार्षिक सोहळा सोव्हिएत काळात नोव्हेंबरात होई. क्रांतीचा एक नेता लिऑन ट्रॉट्स्की याचा जन्मही ७ नोव्हेंबरचा (१८७९), आणि दिनविशेष लिहिणारे या योगायोगाचे कौतुक करतात. ते फारसे खरे नाही. त्याचा जन्म जुन्या पद्धतीने २६ ऑक्टोबरचा. १९ व्या शतकात दोन पद्धतींतला फरक १२ दिवसांचा होता, २० व्या शतकात तो १३ झाला. क्रांती झाली तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेनुसार त्याचा वाढदिवस उद्यावर होता.

जुनी तारीख नव्या पद्धतीत आणताना ज्युलियन तारखेत मिळवायचे दिवस असे: १५८२ पासून २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १०, तिथून २८ फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, २८ फेब्रुवारी १९०० पर्यंत १२ आणि पुढे १३. १५८२ पूर्वीच्या तारखा रूढीने तशाच ठेवतात. आल्सासमधील एन्सिसहाइमला ७ नोव्हेंबर १४९२ रोजी पडलेली उल्का त्यामुळे याच तारखेखाली राहते. खरी चूक होते ती इंग्लंडच्या नोंदींत. तिथे १७५२ पर्यंत जुनी पद्धत होती, पण शेजारच्या फ्रान्समध्ये नवी. 'ऑक्सफर्ड गॅझेट' हे सरकारी वृत्तपत्र, म्हणजे पुढचे 'लंडन गॅझेट', ७ नोव्हेंबर १६६५ रोजी सुरू झाले. नव्या पद्धतीने तो दिवस १७ नोव्हेंबर ठरतो. लंडनमध्ये प्लेग असल्याने राजदरबार ऑक्सफर्डला हलला होता, म्हणून हे नाव. अशा नोंदीत तारीख कोणत्या पद्धतीची ते लिहिले नाही, तर वाचणारा १० दिवसांनी चुकतो.

महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. १९०० साली याच दिवशी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरमध्ये ते 'भिवा' असे आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये हा दिवस शाळा-महाविद्यालयांत साजरा करायचे ठरवले. परिपाठात ही नोंद वाचताना जन्मदिवसाशी गल्लत होऊ नये. बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिलला.

विज्ञानाच्या बाजूने हा दिवस फारच संपन्न आहे. मेरी क्युरी (१८६७, वॉर्सा), लिझ माइट्नर (१८७८, व्हिएन्ना) आणि चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८, तिरुचिरापल्ली) या तिघांचा हा जन्मदिवस. क्युरींच्या स्मरणार्थ भारतात राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिनही आजच असतो. माइट्नर यांची नोंद सरळ नाही. व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या जन्मवहीत १७ नोव्हेंबर आहे, पण इतर कागदपत्रांत आणि त्यांच्या स्वतःच्या वापरात ७. रामन यांच्याबाबत गोंधळ उलटा होतो. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यांचा जन्मदिवस समजला जातो. तो १९२८ मधील रामन परिणामाच्या शोधाचा आहे.

१९४० साली अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल कोसळला, बांधून पुरते पाच महिनेही झाले नव्हते. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात तो पिळवटत गेला. अनेक पाठ्यपुस्तके हे साध्या अनुनादाचे (म्हणजे ठराविक तालातल्या धक्क्यांनी हेलकावे वाढत जाण्याचे) उदाहरण म्हणून देतात. प्रत्यक्षात पुलाच्या हालचालीमुळेच वाऱ्याचा जोर त्याला आणखी हलवत राहिला, वाऱ्याचे झोके ठराविक तालात येण्याची गरज नव्हती.

निधनांत दोन नोंदी महत्त्वाच्या. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या निधनाची तारीख पक्की आहे. जन्माची मात्र १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा छापल्या जातात, आणि महिना नीट न पाहणारे दुसरी तारीख कधी कधी याच पानावर आणून ठेवतात.

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुका या यादीत पुन्हा पुन्हा दिसतात: १९१६, १९४४, १९७२, २०००. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, म्हणजे ते २ ते ८ तारखांतच पडू शकते.